दादाच्या गाण्यातला माझा आवाज

गाईड म्हणजे काय, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. रॉकच्या रेकॉर्डिंगमध्ये वाद्यं आधी वाजवून घेतात आणि गायक शेवटी गातो. पण वाजवणाऱ्याला गाणं कुठवर आलंय ते समजावं म्हणून कोणीतरी आधी कसंबसं गाऊन ठेवतं, तो गाईड. खरा गायक आला की गाईड काढून टाकतात. लग्नात नवरदेव यायच्या आधी फोटोवाला कोणालाही पाटावर बसवून उजेड बघून घेतो ना, तसंच. आमच्या गाण्यात त्या पाटावर मी बसलो. आणि उठलो नाही.

गाणं माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं. बाबा रेल्वेत होते. आम्ही रायपुरात, गुढियारीत अगदी रुळांना लागून राहायचो, मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळायचे तो आवाज आमच्या घरातला सदस्यच होता. कॉलेजात असताना दादाने त्या आदळण्याच्या ठेक्यावर एक गाणं बांधलं. मालगाडीत बसून कोणालाही न सांगता निघून जाणाऱ्या माणसाचं गाणं, आणि धृपदाच्या शेवटी फक्त ‘थांब’ एवढा एक शब्द, वरच्या पट्टीत, ओढून. विशीतला दादा तो ‘थांब’ असा काही मारायचा की पाणी घेऊन चाललेल्या शेजारच्या काकू खरंच थांबायच्या. मी मागे गिटार वाजवायचो. माझ्याकडे पाहून कोणी कधी थांबल्याचं मला आठवत नाही.

ते गाणं रेकॉर्ड कधीच झालं नाही. स्टुडिओ होते रायपुरात, पण तिथे भजनं आणि देवीची जसगीतं व्हायची. आमच्या गिटारचा खरखराट ऐकून एका स्टुडिओवाल्याने कळवळून विचारलं होतं, “भैया, तार ढीला है क्या?” मग नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली. आमचा ड्रमर पंडरी बाजारात कापडाच्या दुकानात बसला. त्याला मध्यंतरी पुन्हा वाजवशील का विचारलं तर म्हणाला, “आता मी फक्त कापडाचे थान बडवतो, भाऊ.”

यंदा दादा रिटायर व्हायला आला. आवाज बसत चाललाय हे त्याचं त्यालाही कळत होतं. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, “ते गाणं एकदा माझ्या आवाजात राहू दे बे. बस. मंग काही नाही मागत.” दादाने माझ्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ. मी लगेच कामाला लागलो. पाटबंधारे खात्यातला माणूस कामाला लागतो, हीच आधी बातमी.

चौबे कॉलोनीत एक मुलगी आहे असं कळलं. तिशी ओलांडलेली, आपल्यातलीच. बंगलोरला बरीच वर्षं काढून परत आलेली, वडिलांच्या घराच्या वरच्या खोलीत बसून रॉक बँडची गाणी तयार करायची आणि मिक्स करायची. कोणाची नोकरी नाही, सगळं आपलं आपण. शिलाँग, कलकत्ता, कुठले कुठले बँड तिला आपापलं वाजवलेलं नेटवरून पाठवायचे, ती ते जुळवून, घासून, चकचकीत करून परत पाठवायची. तोंड बघायची वेळ सहसा यायचीच नाही. चहात साखर किती, हे ज्यांना विचारावं लागलं अशी तिची पहिली गिऱ्हाइकं बहुधा आम्ही दोघे. मराठी तिला सगळं समजायचं, उत्तर हिंदीत यायचं.

खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या. मे महिना. आणि कूलर बंद, कारण कूलरचा आवाज माईकमध्ये जातो. ड्रम तिने कॉम्प्युटरवरच बसवले होते. मी घाम पुसत गिटार वाजवली आणि तिने सांगितलं म्हणून गाईडही गायलो, खुर्चीत बसल्या बसल्या, एका दमात. तिने हेडफोन काढला.

“अंकल, आप गाते भी हो?”

“नाही गं. हे आपलं असंच.”

घरी येताना मी ते वाक्य चौकाचौकात पुन्हा ऐकलं. तीस वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी दादा आला. इस्त्रीचा शर्ट, खिशात वहिनीने दिलेली ज्येष्ठमधाची कांडी. हेडफोनमधून ठेका समजावा म्हणून एक टकटक ऐकवतात, तिच्याबरोबर गायचं असतं. दादा आयुष्यभर आरतीत सगळ्यांच्या पुढे धावलेला माणूस.

“हे टकटक मले हाकलून राहिली बे,” तो चिडून म्हणाला. “माझं ऐकू देते का तुझंच लावते?” हे टकटकीला.

तो गात राहिला, ती ‘एक बार और अंकल’ म्हणत राहिली. खालचे सूर बरे लागत होते, पण ‘थांब’ आला की आवाज फाटायचा. तो पाणी प्यायचा, कागद खाली-वर करायचा, जणू दोष कागदाचा. शेवटी भिजलेला शर्ट अंगापासून सुटा करत बाहेर आला. “झालं नं बेटा?”

“हाँ अंकल. काम हो जाएगा.”

हे वाक्य मी स्वतः ऑफिसात रोज दहा लोकांना म्हणतो. त्याचा अर्थ मला माहीत आहे.

बुधवारी तिने मला एकट्याला बोलावलं. दादाचं गाणं ऐकवलं. सूर मशिनीने ओढून जागेवर आणता येतात, तेही तिने करून दाखवलं. दादा टेलिफोनखात्याच्या रेकॉर्ड केलेल्या सूचनेसारखा ऐकू यायला लागला. “इससे ज़्यादा खींचूँगी तो रोबोट लगेंगे,” ती म्हणाली. मग तिने माझा गाईड लावला.

मी ऐकत होतो. मध्ये कुठेतरी पाठ सरळ झाली माझी.

“आवाज़ तो एक ही घर की है,” ती म्हणाली. “शुरू की दो लाइन बड़े अंकल की रख लेते हैं, बाकी आपकी. किसी को पता नहीं चलेगा.”

मी ‘नको’ म्हणालो. पण ते कसं, तर पाहुणा श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीला म्हणतो तसं. तिने माईक पुढे केला. एकदा ‘थांब’ नीट गाऊन घ्या म्हणाली. मी गायलो. पहिल्याच फटक्यात लागला. तिने खुर्ची फिरवून अंगठा दाखवला, आणि मी, दोन मुलांचा बाप, मधुमेहाची गोळी खिशात घेऊन फिरणारा माणूस, लाजलो. दादासाठी करतोय, असं जिना उतरताना मनाशी म्हटलं. तेव्हा ते खरंही वाटलं होतं.

दर रविवारी दुपारचं जेवण आम्ही दोन्ही घरं दादाकडेच करतो. तयार गाणं मी तिथे नेलं. गणपतीत लावतो तो मोठा स्पीकर दादाने बाहेर काढला. डोळे मिटून ऐकलं. ‘थांब’ आला तशी त्याने मांडीवर थाप मारली.

“अबे! हा मीच का?”

“तूच, दादा. दुसरा कोण?”

आतापर्यंत मी फक्त गप्प होतो. खोटं इथे बोललो, आणि त्याने न विचारताच मी पुढे जोडलं, “आवाज आहेच तुझा, मशिनीने थोडा पुसून घेतला.”

“अजून दम आहे लेका!” त्याने पुन्हा लावलं. मला शेजारी ओढून बसवलं, पाठीवर हात टाकला. तिसऱ्यांदा लागलं तेव्हा वहिनी वरणाची पळी हातात घेऊन दारात आली. पूर्ण ऐकलं.

“अहो, हे तुम्ही नाही. हे तं भाऊजी होय.”

“तुले काय समजते त्यातलं?” दादा हसला.

“गाण्यातलं नाही समजत. तुमचं समजते. न्हाणीत ऐकते, देवापाशी ऐकते, भांडताना ऐकते, तीस वर्षं झाली. हे तुम्ही नाही.”

माझ्या बायकोने ताटातल्या लोणच्याकडे पाहिलं. दादाने माझ्याकडे. मी म्हणू शकलो असतो की वहिनी, काहीतरीच तुमचं. तोंडही उघडलं. पण बाहेर काही आलं नाही, आणि त्याला तेवढं पुरलं. पाठीवरचा हात त्याने हळूच काढून घेतला. जेवण त्याने पूर्ण केलं, ताक मागून घेतलं. हात धुऊन म्हणाला, “चाल.”

स्कूटरवर तो मागे बसला होता. चौबे कॉलोनीतल्या त्या जिन्यावर मी पुढे, तो मागे. खोलीत गेल्यावर तो तिला म्हणाला, “बेटा, माझा आवाज एकटा लाव. बाकी सगळं बंद कर.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग बटण दाबलं.

मागे गिटार नाही, ड्रम नाही. एकटा दादा. ओळींच्या मध्ये पाण्याचा घोट, कागदाची चुरचुर. सूर खाली, मग टकटकीच्या पुढे पळालेला, मग ‘थांब’, आणि तो फाटताना स्पष्ट ऐकू आला, त्यानंतरची धापही. मला तिथून पळून जावंसं वाटलं. दादाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

“हे ठेवा,” तो म्हणाला.

“अंकल, सुर में नहीं है,” ती म्हणाली.

“ऐकू आलं मले. हेच ठेवा.”

मी म्हणालो, “दादा, ऐक नं. गाणं चांगलं व्हायला पाहिजे का नाही? तुझंच गाणं आहे नं?”

“गाणं चांगलं व्हावं म्हणून केलं तू?”

“हो.”

“मंग मले काहून नाही विचारलं?”

माझ्याकडे उत्तर होतं. त्या मुलीने खुर्ची फिरवून अंगठा दाखवला होता, हे उत्तर. ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

“विचारलं असतं तं मी हव म्हटलं असतं,” दादा म्हणाला. “गा म्हटलं असतं बावा, माझ्याच्यानं नाही होत आता. खुशीनं म्हटलं असतं.” मग तिच्याकडे वळून, “ह्याचा आवाज काढून टाका. गिटार राहू द्या, गिटार चांगली वाजवते तो.”

तिने माउस हलवून माझा आवाज काढून टाकला. “ठीक है अंकल. पर फिर उसमें मेरा नाम मत डालना, प्लीज़. लोग नाम देखके काम देते हैं.”

तेव्हा मला तिचा राग आला. कल्पना तिची, पाप माझं, आणि नाव काढून घेऊन ही मोकळी. आता वाटतं, तिघांत आपल्याला काय हवं ते तोंडावर सांगणारी ती एकटीच होती. दादाने नुसती मान डोलावली. घरी तो रिक्षाने गेला.

गाणं त्याने तसंच नेटवर टाकलं. ऐकणाऱ्यांनी ऐकलं. माझ्या ऑफिसात एकाने फोनवर लावलं, ‘थांब’ आला तसे दोघेतिघे हसले. “बड़े भैया हैं आपके? हिम्मत है, साहब.” मीही हसलो. “हो ना, ह्या वयात,” असं म्हणालो. ते कोणी मला म्हणायला लावलं नव्हतं.

त्याच दिवशी फोनवर दादाचा निरोप आला. सगळ्यांना पाठवलेला तोच मलाही: आमचे गाणे आपण अवश्य ऐकावे. मी खाली लिहिलं, छान झालं दादा. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, आभारी आहे.

पुढच्या रविवारी मी डोकं दुखतंय म्हणून जेवायला गेलो नाही. बायको एकटी जाऊन आली. डबा आणला होता तिने, वहिनीने दिलेला, भाजी आणि दोन पोळ्या. “काहून नाही आलो, विचारलं का दादाने?” मी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली, आणि डबा गरम करायला आत घेऊन गेली.