नवरदेव गारव्यात, नवरी उबेत

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. मागच्या खोलीत थंडोबा उकिडवा बसला होता. कपाळाला बॅटरी बांधलेली, हातात सुई काढून टाकलेली सिरिंज. समोरच्या पारदर्शक डबीच्या जाळीदार झाकणावर त्याने पाण्याचा एक थेंब सोडला. डबीच्या तळाशी बसलेला काळा कोळी वर चढला, थेंबाला तोंड लावून प्यायला आणि बॅटरीच्या उजेडाकडे वळून बसला. थोडा वेळ दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग थंडोबाने कपाटाचं काचेचं दार लावलं, हात धुतले आणि तो कामावर निघाला.

हे नाव त्याला दुकानातल्या लोकांनी दिलं. फ्रीज, बर्फाची यंत्रं, खाटकांच्या शीतखोल्या दुरुस्त करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. आत माल वितळत असतो, गिऱ्हाईक डोक्याला हात लावून उभं असतं आणि हा शांतपणे नळीला साबणाचा फेस लावत गॅस कुठून गळतोय ते बघत असतो. बायको त्याला या नावाने हाक मारत नाही, पण दुसऱ्या कुणी मारली तर तिला हसू आवरत नाही.

मागच्या खोलीत तो कोळी पाळतो आणि त्यांची वीण काढतो. जाळं लावून वाट बघणारे कोळी नव्हेत. हे उडी मारून शिकार धरणारे. केसाळ, दणकट, पूर्ण वाढलेली मादी अंगठ्याच्या पेराएवढी. पुढे मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे. माणूस समोर आला की हे कोळी माणसाकडे तोंड करतात, त्यामुळे पाहुण्यांना उगाचच आपली चौकशी होतेय असं वाटतं. पहिली मादी त्याला घर बदलणाऱ्या एका गिऱ्हाइकाने फ्रीजच्या दुरुस्तीच्या पैशांसोबत देऊन टाकली होती. तिने डबीतच अंडी घातली आणि सगळं तिथून सुरू झालं. तिच्या राखाडी पाठीवर तांबूस पट्टा होता. तो पट्टा आता तिच्या पणतीच्याही लेकीच्या पाठीवर आहे. एकदा त्याने बाहेरून नर आणून पाहिला, तर पिल्लांत पट्टा पुसट झाला. ती सगळी त्याने वाटून टाकली. तेव्हापासून बाहेरचा नर बंद.

पण घरातल्या घरात वीण काढायची तर एक अडचण असते. नर लवकर वयात येतात, माद्या उशिरा. एकाच वेळी जन्मलेली भावंडं असली तरी मादी शेवटची कात टाकून तयार होईपर्यंत नर म्हातारे होऊन मरतात. यावर थंडोबाचा उपाय त्याच्या धंद्यातलाच होता. नर गार जागेत ठेवायचा आणि त्याला बेताचं खायला घालायचं, म्हणजे त्याचं आयुष्य सावकाश सरतं. मादी उबेत ठेवायची आणि पोटभर खायला घालायचं, म्हणजे ती भराभर वाढते. त्यासाठी खोलीत दोन कपाटं होती: एक शीतपेयांच्या बाटल्यांचं, काचेच्या दाराचं, वीस अंशांवर लावलेलं, दुसरं म्हणजे कॉम्प्रेसर काढलेला जुना फ्रीज, आत दिवा आणि थर्मोस्टॅट. मेव्हणा पहिल्यांदा हे बघून म्हणाला होता, "भावोजी, नवरदेव गारव्यात उपाशी आणि नवरी उबेत जेवतेय. आमच्या ताईच्या संसारात हे उलटं कसं झालं?" ताईने त्याला चहा न देता परत पाठवायची धमकी दिली.

या वर्षी सगळं एका नरावर येऊन ठेपलं होतं. त्याचे भाऊ गेले होते. मादी अजून कात टाकायच्या रेशमी पिशवीत स्वतःला कोंडून बसली होती आणि ती कधी बाहेर येईल हे सांगणं कुणाच्या हातात नव्हतं. नर त्याआधी मेला तर पट्ट्याचं घराणं तिथेच संपणार होतं.

बायकोशी झालेला करारही यावरच होता. ती घरी शिवणकाम करते. मशीन पुढच्या खोलीत, जेवायच्या टेबलाला खेटून. गिऱ्हाइकाचं माप घेताना कुणी ना कुणी ताटावरून उठतं. मागच्या खोलीवर तिचा डोळा कधीपासूनचा होता, आणि शेवटी ठरलं ते असं: या जोडीची अंडी फुटून पिल्लं निघाली तर खोली कोळ्यांची. नाही फुटली तर तिची. मशीन कुठल्या भिंतीला लागेल हेही तिने टेप लावून बघून ठेवलं होतं.

नर घसरायला लागला तो याच दिवसांत. डबीच्या उभ्या बाजूवर चढायचा, अर्ध्यावर पाय सुटायचे, खाली यायचा. म्हाताऱ्या कोळ्याचं हे ठरलेलं लक्षण. थंडोबाने कपाट आणखी गार केलं आणि खाणं आणखी कमी केलं. नर आणखी रोडावला. दुकानात एका दुपारी त्याने चुकीचा रिले बसवला, तेव्हा मालकाने त्याला घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं. तो म्हणाला, घरी ठीक आहे, एक म्हातारा आजारी आहे. मालकाने सासऱ्यांसाठी फळं पाठवली. सासरे दणदणीत होते. त्यांनी ती खाल्ली.

खरा प्रकार बायकोच्या लक्षात आला. दुपारी ती इस्त्रीचं टेबल आणायला मागच्या खोलीच्या दारात गेली आणि तिथेच थांबून बघत राहिली. संध्याकाळी थंडोबा मोरीत हात धूत असताना तिने सांगितलं.

"अहो, तुमचा नवरदेव दिवसभर नाचतो."

"कुणासमोर?"

"स्वतःसमोरच. मागच्या पत्र्यात दिसतो ना त्याला."

थंडोबा ओल्या हातांनीच खोलीत गेला. कपाटाच्या आतला स्टीलचा पत्रा त्यानेच घासून लख्ख केला होता. गिऱ्हाइकांच्या कपाटांना लावायची पेस्ट लावून, उजेड चांगला पसरावा म्हणून. त्या पत्र्यात नराला दुसरा नर दिसत होता आणि तो त्याला सकाळपासून पुढचे पाय उंच करून आव्हान देत होता. समोरचा मागे हटत नव्हता. थंडोबाला हे कधीच दिसलं नसतं, कारण कपाटाचा टायमरवरचा दिवा थंडोबा कामावर गेल्यावर लागायचा आणि यायच्या सुमारास विझायचा. सुटीच्या दिवशी तो समोर बसला की नर आरसा सोडून त्याच्याकडे बघायचा. ज्या नराची ताकद जपायला गारवा आणि उपास लावले होते, तो ती सगळी पत्र्यावर उधळत होता.

पत्रा झाकायला मॅट कागद हवा होता. बायकोने कपड्याचे नमुने कापायचा खाकी कागद काढला, कपाटाच्या आतलं माप घेतलं आणि कडेला दुमडायला दोन बोटं जास्त ठेवून कापून दिला. मेव्हण्याला हे कळल्यावर त्याने तिला विचारलं, की गप्प बसली असतीस तर खोली तुझीच होती, मग बोललीस कशाला? ती म्हणाली, "गिऱ्हाइकाने कापड उलटं धरलं असेल तर मी कापून होईपर्यंत गप्प बसते का?"

कागद लागल्यावर नर शांत झाला. थंडोबाने त्याचं खाणं थोडं वाढवलं. घसरणं थांबलं नाही, पण वाढलंही नाही. काही दिवसांनी मादीची पिशवी आतून हलली आणि ती बाहेर आली: नवी कात, ताजा पट्टा, पाय अजून मऊ. इथे घाई केली तर घात होतो. कात टाकल्यावर तिचे दात टणक व्हायला वेळ लागतो आणि भूक मात्र जबर असते; अशा मादीपुढे नर सोडला तर ती त्याला शिकार समजते. थंडोबाने थांबायचं ठरवलं. मादी रोज माश्या खात होती, नर रोज म्हातारा होत होता, आणि थंडोबा दोन कपाटांच्या मध्ये स्टूल टाकून बसत होता.

त्याने पुढे केलेली माशी मादीने पोट भरल्यामुळे नाकारली, त्या रविवारी दुपारी त्याने नराला ब्रशवर चढवून तिच्या पेटीत सोडलं. बायको दिवा धरून उभी होती. नराने मादीला पाहिलं, पुढचे दोन्ही पाय वर केले आणि तिरका तिरका चालत पुढे सरकला. एकदा पडला. उठून पुन्हा पाय वर केले. मादी अंग आखडून बसली. थंडोबाने मध्ये घालायला पुठ्ठा उचलला.

"थांबा," बायको म्हणाली. "ती बघतेय."

मादीने पुढचे पाय खाली घेतले. नर तिच्या पायांना पाय लावत पाठीवर चढला. बराच वेळ काही हललं नाही. मग तो उतरला आणि थंडोबाने त्याला ब्रशने उचलून घेतलं. बायको दिवा ठेवून गॅसवरचं दूध बघायला गेली.

आता नराला राखून ठेवायचं कारण उरलं नव्हतं. थंडोबाने त्याला उबेच्या कपाटात वेगळ्या डबीत, मध्ये पुठ्ठा घालून ठेवलं आणि रोज खायला घातलं. पुढच्या आठवड्यात तो मेला. मादीने नवी जाड पिशवी विणून स्वतःला कोंडून घेतलं. बाटल्यांच्या कपाटाची पिन काढली गेली आणि कुबट वास येऊ नये म्हणून त्याचं दार किलकिलं ठेवलं गेलं.

काल संध्याकाळी बॅटरी मागून धरल्यावर पिशवीच्या रेशमातून बारीक काळे ठिपके सरकताना दिसले. अंडी फुटली होती. थंडोबाने बायकोला बोलावलं. तिने बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे खोली गेली."

तो म्हणाला, पिल्लांमधले नर वयात येईपर्यंत गार कपाट लागणार नाही. तोवर ते दुकानात ठेवता येईल आणि इथे त्याच्या जागी मशीन बसेल.

"म्हणजे मी भाडेकरू?"

"कोळ्यांना विचारून सांगतो."

"विचारा. आणि माश्यांचा डबा माझ्या कापडांपासून लांब ठेवा."

कपाट दोघांनी मिळून दारापर्यंत सरकवून ठेवलं आहे. उद्या सकाळी साडेआठला दुकानाचा टेम्पो ते न्यायला येईल, आणि जिना अरुंद असल्यामुळे खालची बाजू मेव्हणा धरणार आहे.