कमरेची दोरी

"मार उडी," मी किसनला म्हटलं. त्याने मारली, आणि तो वर येईना.

अंगात लाइफ जॅकेट असलेला माणूस बुचासारखा वर यायला हवा. किसनचे नुसते केस दिसले, मग तेही दिसेनात.

धरणावर मासेमारीचं लायसन हवं तर सेफ्टी ट्रेनिंग सक्तीचं. ते देणं हे माझं काम. लोक कुरकुरतात. किसनही सकाळी म्हणाला होता, "सायेब, आमी पाण्यातच वाढलो, आमाला काय शिकिवता?" होडीत आम्ही तिघंच. तो, वल्ह्यावर त्याची बायको हिराबाई आणि मी. पाण्यात पडलेल्याला बाहेर काढायचा सराव, म्हणजे ड्रिल, चालू होतं. माणसं पडतात ती जाळं टाकताना, म्हणून ड्रिलही मी तेव्हाच घेतो.

मी वाकून किसनच्या जॅकेटची कॉलर धरली आणि जीव खाऊन ओढली. तोंड क्षणभर वर आलं, पुन्हा खाली गेलं.

"त्येंच्या कमरंला दोरी हाय," हिराबाई म्हणाली.

हात मोकळे राहावेत म्हणून इथले लोक जाळ्याची दोरी कमरेला बांधतात. किसनला ती करगोट्याइतकी अंगवळणी पडलेली, आठवलीसुद्धा नाही. जॅकेटखाली मलाही दिसली नाही. धरणाच्या तळाशी जुन्या आंब्यांची खोडं आहेत, जाळं त्यांत अडकलं होतं. लोहगडाच्या अंगाने वारा सुटलेला, होडी सरकत होती आणि दोरी ताणत होती.

सुरी माझ्या जॅकेटला छातीवर अडकवलेली, पण हात मोकळा नाही. होडीचा काठ सोडला तर मी पाण्यात, कॉलर सोडली तर तो गेलाच. इतकी वर्षं शिकवतोय, पण त्या घडीला डोकं बधिर झालं. कसंबसं म्हटलं, "हिराबाई, सुरी घ्या."

तिने वल्हं टाकलं, सुरी ओढली, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. खालचं काही दिसत नव्हतं.

"पोटाला लागंल वो त्येंच्या."

"लागू दे. कापा."

दोरी तुटली. आम्ही दोघांनी त्याला आत ओढलं. बराच वेळ तो खोकत, ओकत पडला होता. मग डोळे उघडून म्हणाला, "जाळं?"

"गेलं," हिराबाई म्हणाली आणि त्याला एक ठेवून दिली. मग त्याच्याच छातीवर पडून रडली.

किसनच्या पोटावर सुरीचा बोटभर व्रण आहे. हल्ली मी जॅकेट देण्याआधी प्रत्येकाची कंबर चाचपतो. लोक हसतात. मग किसन सदरा वर करून दाखवतो, आणि हसणारे गुपचूप दोरी सोडायला लागतात.