रविवारचा पेपर

इथे हिंदी मुलखात, मालवीय नगरात, आमच्या शेजारी नागपूरचे एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. दर रविवारी ते मला कॉम्प्युटरच्या दुकानात नेतात, नव्या डेस्कटॉपचा मोठा स्क्रीन आपल्या रुमालाने पुसतात आणि त्यावर नागपूरचा पेपर उघडून मोठ्याने वाचतात. मोबाइलवरची अक्षरं त्यांना हल्ली दिसत नाहीत.

"अंकलजी, घर ले जाइए, रोज पढ़िए," दुकानदार हसून म्हणतो.

मग ते माझ्याकडे वळतात. "घेऊन टाकू काय, भाऊ?"

"महाग आहे. थोडं थांबा, उतरेल किंमत," मी दर वेळी सांगतो.

खरं सांगायचं तर किंमत वाजवी आहे आणि त्यांना ती परवडते. पण डेस्कटॉप घरी आला की ते घरीच वाचत बसतील, आणि माझी बायको गेल्यापासून माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कुणी नाही.

गेल्या रविवारी त्यांनी कार्ड बाहेर काढलं होतं. मी पुन्हा तेच म्हणालो.

"तुम्ही म्हणता म्हणजे असेल," म्हणत त्यांनी ते परत खिशात ठेवलं. मग खुर्ची सरकवून मला शेजारी जागा केली आणि विचारलं, "आज कोणतं पान वाचू?"