गयाबाईचा शब्द

गयाबाई आरशाशिवाय कुंकू लावायच्या. बोट टेकायचं ते बरोबर मधोमध. औरंगाबादेत गुलमंडीमागच्या गल्लीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून होती. मी शाळेत शिकवायची, त्या बालवाडीत मुलं सांभाळायच्या. मुलगा झाला नाही म्हणून नवऱ्यानं त्यांना टाकून दुसरी केली होती. मी एकदा विचारलं, "मग कुंकू कुणासाठी?"

"त्यो जिता हाय ना, बाई. त्याच्या लेखी मी मेले. माझ्या लेखी त्याला मरायची सोय नाय."

हेच त्या कॅमेऱ्यापुढं बोलल्या. टाकलेल्या बायकांवर चित्रपट काढणारी एक मुलगी गल्लीत आली, तेव्हा बाकीच्या पदर ओढून आत गेल्या. गयाबाईंनी तिला चहा दिला आणि नवऱ्याचं, सासूचं, गावाचं सगळं सांगितलं.

चित्रपट शहरात लागला आणि दुसऱ्याच खेळाला दगड पडले. "आमच्या बायकांची बदनामी" म्हणून पोस्टरं फाडली, खेळ बंद पाडला. पहिला खेळ आम्ही दोघींनी पाहिला होता. गयाबाईंना त्याचंच अप्रूप. "मीच व्हते का वो ती? लई धीट दिसत व्हते."

त्याच आठवड्यात त्यांच्या लेकीचा, सुनंदाचा सासरा बिडकीनहून आला. सुनंदा पोटुशी होती. तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "समाजाची सभा हाय. तिथं सांगा, त्या पोरीनं पढवलं म्हणून बोलले. नायतर लेक घिऊन जा."

"जाऊ नका," मी म्हणाले.

"माझं झालं ते झालं. तिला कामून माझ्या वाटंला लावू?"

मी सोबत बिडकीनला गेले. देवळापुढं माणसं दाटली होती. त्यांचा नवरा पुढच्या खुर्चीत, पान चघळत. गयाबाई हात जोडून म्हणाल्या, "मी खोटं बोलले. मला पढवलं व्हतं." टाळ्या पडल्या.  परतताना एसटीत त्या म्हणाल्या, "खरं बोलले तवा दगडं. खोटं बोलले तवा टाळ्या."

सुनंदाला मुलगी झाली. पोर रांगायला लागायच्या आत सासरच्यांनी मायलेकींना आणून सोडलं. सुनंदाचा हात मोडलेला होता. आम्ही पोलीस चौकीत गेलो. गयाबाईंनी सगळं सांगितलं. बोलावून आणलेला सासरा शांतपणे म्हणाला, "सायेब, हिचं काय धरता? पिच्चरमधी मी खोटं बोलले म्हणून भर सभेत कबूल केलंय हिनं. सारं गाव साक्षीला हाय."

जमादारानं वर पाहिलं. "खरं का हो?"

"व्हय. पन तवा मी खोटं बोलले."

"तेव्हा म्हणजे कधी? चित्रपटात की सभेत?"

 गयाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी सभेतलं सांगू लागले तर जमादार म्हणाला, "तुम्ही घरच्या का?" तक्रार लिहिलीच गेली नाही. बाकावर सुनंदा एका हातानं पोरीला सावरत बसली होती.

त्यानंतर गयाबाई थोडीच वर्षं जगल्या. बालवाडी सुटली, छातीचं दुखणं लागलं. सुनंदा दुसऱ्यांकडं स्वयंपाकाला जायची, गयाबाई नातीला घेऊन दारात बसायच्या. पुढं कोर्टकचेरीचं विचारायला टाकलेल्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या बाया आल्या, तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मला नका इचारू. सुनंदाला इचारा. तिचा शब्द आजून कुनी मोडून घेतला नाय."