माधुरीने तपासलं होतं

माधुरी गेल्याचा फोन तिच्या नवऱ्याने, दिलीपने केला, तेव्हा मी डोंबिवलीला घरी डबा भरत होते. "झोपेतच गेली, शैलाताई," तो म्हणाला. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. चाळिशी नुकती उलटलेली... महिना होत आला, पण तिला हृदयाने नेलं हे माझ्या मनाला अजून पटत नाही.

आधी ती कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात तयार माल तपासायची. नव्वद सालानंतर आमच्या ठाण्याच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आली, तिथेही तेच काम. आम्ही प्रोग्रॅम लिहायचो, ती चुका काढायची. साहेब ग्राहकांना कौतुकाने सांगत, आमच्याकडे क्वालिटी माधुरीबाई बघतात. एकदा ती त्यांच्यासमोर जाऊन म्हणाली, "साहेब, मी झालेल्या चुका पकडते. तो क्वालिटी कंट्रोल. चुका होऊच नयेत म्हणून कामाला पद्धत लावायची, ती क्वालिटी अ‍ॅश्युरन्स. ती आपल्याकडे कुणीच बघत नाही." लिहिण्याआधी ग्राहकाबरोबर बसू या, एकमेकांचे प्रोग्रॅम वाचू या, तपासून झाल्यावर कुणी हात लावायचा नाही, एवढंच तिचं मागणं. साहेब म्हणाले, ही डिलिव्हरी जाऊ दे, मग बघू. दर डिलिव्हरीला हेच. आज पकडलेली चूक पुढच्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा हजर असायची.

मग कल्याणच्या एका हॉस्पिटलच्या लॅबचं काम आलं. आमच्या प्रोग्रॅममध्ये एकाच नावाचे दोन पेशंट असले की रिपोर्टांची अदलाबदल होत होती. माधुरीने ते पकडलं, दुरुस्त करून घेतलं, पुन्हा तपासलं. पण प्रोग्रॅम बसवायला गेलेल्या आमच्या माणसाने हॉस्पिटलवाल्यांच्या घाईपायी तिथेच एक किरकोळ बदल केला, आणि चूक परत आली. शहाडच्या एका गरोदर बाईची साखर खूप वाढलेली. तिच्या हातात त्याच नावाच्या दुसरीचा नॉर्मल रिपोर्ट पडला, उपचार सुरूच झाले नाहीत. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं.

कुणी सांगितलं नव्हतं, तरी माधुरी शहाडला गेली. मी सोबत गेलेले. ती बाई भिंतीला टेकून बसलेली. माधुरीने काही न लपवता सगळं सांगितलं, तपासायचं काम आपलं होतं हेही सांगितलं. बाईने शांतपणे विचारलं, "मग ताई, तुम्ही तपासलं नव्हतं?"

"तपासलं होतं."

"मग?"

या प्रश्नाचं उत्तर माधुरी कित्येक महिने साहेबांना देत आलेली... त्या खोलीत मात्र तिने नुसते हात जोडले.

साहेबांनाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांनी जाहीर केलं, तपासायला अजून माणसं घेऊ. माधुरी ऐकून आपल्या टेबलाकडे वळली. त्यानंतर ती एकच प्रोग्रॅम पुन्हापुन्हा चालवत राहायची, डबा तसाच घरी न्यायची. मी तिला म्हटलं, सोड ही नोकरी. "सोडून काय होईल, शैला? चुका तर होतच राहणार. निदान कुणीतरी बघतंय."

आता कुणीच बघत नाही. नवी माणसं आलेली नाहीत. संध्याकाळी ऑफिसातली मुलं सवयीने आपापल्या प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या तिच्या टेबलावर आणून ठेवतात. काल एकजण ठेवता ठेवता बोलून गेला, "उद्या द्यायचंय, जरा बघा." मग समोरची रिकामी खुर्ची त्याला दिसली. तरी फ्लॉपी तिथेच ठेवून तो निघून गेला.