उलट्या वेलीतलं नाव

मंडळी, आज मी सूड घेतला.

बाबा कामाला होते ती कापड मिल बंद पडली तेव्हा त्यांनी हाताने काढलेले साडीच्या किनारीचे नमुने तिथल्या साहेबांनी दाबले. "ये तो मिल का माल है," म्हणाले. बाबा शेवटपर्यंत तळमळले. पुढे मी मुद्दाम त्याच साहेबांच्या तुकोगंजच्या ऑफिसात नोकरी धरली.

आज ग्राहकांपुढे त्यांनी बाबांची वळणदार वेल स्क्रीनवर लावली. "कॉम्प्युटरवर मी स्वतः बनवली."

मी गोड आवाजात म्हटलं, "सरजी, दुसऱ्या किनारीसाठी आरशासारखी उलटी करून दाखवा ना."

त्यांनी केली. वेलांट्यांमध्ये गुंफलेलं नाव सगळ्यांनी वाचलं: मालिनी.

"ये मालिनी कौन है?" ग्राहकाने विचारलं.

"माझी आई," मी म्हटलं. "ही वेल काढताना बाबांनी तिचं नाव उलटं लपवलं होतं."

उद्या नोकरी जाईल. तुम्ही गप्प बसला असता?