पहिला घास काकूचा

गोदाकाकू गेली तेव्हा मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. धाकटा भाऊ खालूनच ओरडला, "शांताताई, चल, काकू..." आणि पुढचं त्याला बोलवेना. ग्वाल्हेरात माझ्या सासरहून, जयेंद्रगंजातून, माहेरी जायला फार वेळ लागत नाही, पण त्या दिवशी टांगा नुसता रांगत होता. वाटेत मनात काय आलं सांगू? रडू नाही आलं. मनात आलं, आता आमच्या घरी आधी कोण जेवणार? लोक म्हणतील, बाई वेडी आहे. म्हणोत. ज्या घरात मी वाढले ते घर माहीत झाल्याशिवाय ही गोष्ट कुणाला कळायची नाही.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि धाकटा अजून पाळण्यात होता. काकूनं आम्हाला वाढवलं. स्वतःचं मूल तिला नव्हतं. तिचा एक नेम होता, तो साऱ्या आळीत चेष्टेचा विषय. घरात काहीही शिजलं, की पहिला घास ती स्वतः खायची. मग भिंतीला टेकून बसायची, आमच्याकडे बघत. आम्ही पानावर, भात निवतोय, पोटात कावळे ओरडताहेत, आणि काकू गप्प. बऱ्याच वेळानं म्हणायची, "हं, बसा जेवायला." नैवेद्याचंही तेच. एकदा भटजी भडकले, "वहिनी, उष्टा नैवेद्य देवाला?" काकू शांतपणे म्हणाली, "देव विषानं मरत नाही भटजीबुवा. पोरं मरतात."

आता त्या वैशाखाबद्दल लिहायलाच हवं. तेव्हा आधीच्या महाराजांची कारकीर्द होती. पडावाच्या धर्मशाळेत एक यात्रेकरू बाई मेलेली सापडली. लोक म्हणाले, लू लागली, उन्हाची झळ. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात लू लागून माणसं मरतातच, त्यात नवल काय? मग सराफ्यामागची एक गेली. मग नदीकाठी आणखी एक. प्रत्येकीच्या अंगावरचे दागिने गायब. तेव्हा मात्र लष्करात, म्हणजे शहराच्या आमच्या भागात, घबराट झाली. एका टांगेवाल्याला लोकांनी विनाकारण बडवला, काबुली लोकांना दारातून हाकललं, सगळे कडी-कोयंडे बदलून झाले. आणि मेलेल्या साऱ्याजणी मराठी होत्या, सवाष्णी होत्या, नटूनथटून निघालेल्या होत्या, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार? आपण इथं परमुलखातली माणसं. चारी बाजूंना हिंदी. त्यात कुणी नऊवारी नेसून दारात उभी राहिली आणि "आहात का हो घरात?" म्हणाली, की ती आपलीच. तिचं गाव कुठलं, कुळ कुठलं, विचारायची गरजच नाही. आमची ही खोड अजून गेलेली नाही, आणि त्याचीच मला धास्ती वाटते.

तशीच एकजण गुरुवारी आमच्या दारात आली. बुटकी, गोल चेहऱ्याची, हसली की गालाला खळी. पुण्याकडून यजमानांच्या नोकरीपायी आलोय म्हणाली. उद्या कुलस्वामिनीची सवाष्ण घालायची आहे, नवस आहे, इथं ओळखीचं कुणी नाही, तेवढं याच. सवाष्णीच्या आमंत्रणाला नाही म्हणू नये, हे आपल्याला पाळण्यातच शिकवलेलं. काकूनं होकार दिला. त्या बाईनं काकूला कुंकू लावलं, आणि बोटाला राहिलेलं कुंकू काकूच्याच पदराला पुसलं. हसून म्हणाली, "तुमचं सौभाग्य तुमच्याकडेच बरं!" काकूलाही हसू आलं. किती गोड बाई, असं तिनं माझ्या आईला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

शुक्रवारी सकाळी काकू अचानक बाजूला बसली. झाली का पंचाईत! देवीचं पान रिकामं कसं ठेवायचं? बोलावलेली अडली तर घरातली दुसरी सवाष्ण द्यायची, ही रीत. तेव्हा माझ्या आईला जावं लागलं. मला ती सकाळ लख्ख आठवते. आई आरशासमोर, आणि काकू लांब कोपऱ्यात घोंगडीवर बसून तिथूनच हुकूम सोडतेय. "उमा, माझ्या पेटीतली नथ घाल. पाटल्याही घाल. लोकांकडं सवाष्ण म्हणून जायचं ते लंकेची पार्वती होऊन जाऊ नये." आई म्हणाली, "जाऊबाई, नथ टोचते हो फार." "टोचू दे गं. दोन घटकांचा तर प्रश्न." आई जाताना माझा गाल ओढून गेली. तिच्या पाटल्यांचा आवाज जिन्यावरून खाली उतरत गेलेला मला अजून ऐकू येतो.

वडील गावाला गेलेले, म्हणून तिन्हीसांजेला काका शोधायला गेले. त्या बाईनं सांगितलेली खोली उघडीच होती. माणूसकाणूस कुणी नव्हतं. मध्ये पाट, पाटापुढं केळीचं पान, पानाभोवती सुबक रांगोळी, उदबत्ती जळून गेलेली. अर्धी पुरणपोळी पानात तशीच. आई पाटाशेजारी आडवी झाली होती, झोपल्यासारखी. नाकात नथ नव्हती, हातात पाटल्या नव्हत्या. पुरणात धोत्रा आणि आणखी काहीतरी होतं, असं पुढं डॉक्टरांनी सांगितलं. काकांनी हे मला मी मोठी झाल्यावर सांगितलं, तेही एकदाच. रांगोळीचं सांगताना त्यांचा आवाज फुटला.

पुढं एक बाई पकडली गेली. दुसऱ्या गावच्या सराफाकडं पाटल्या विकताना. तिनं सगळे खून कबूल केले. स्वयंपाक मी केला, विष मी घातलं, सोबत कुणी नव्हतं, असं म्हणाली. ओळख पटवायला काकूला कोतवालीत नेलं. काकू बघते तो उंच, सावळी, हाडकुळी बाई. काकू म्हणाली, "ही ती नव्हे. कुंकू लावायला आलेली दुसरी होती." कोतवाल साहेब समजुतीनं म्हणाले, "बाई साहब, सदमे में आपको वहम हो गया है." काकूनं पदराला बोट पुसल्याचंही सांगितलं. तर तिथले लोक हसले! पदराला पुसलेलं बोट म्हणजे काय पुरावा झाला? त्या पकडलेल्या बाईला फाशी झाली, गाव निश्चिंत झालं. बाड्यावर, भर चौकात, त्या प्रकरणाची चोपडी विकायला आली. वर चित्र काय, तर सुळे बाहेर आलेली, केस मोकळे सोडलेली, हातात विषाचा पेला घेतलेली चुडैल! लोकांनी चवीनं वाचली. आमच्या घरीही कुणीतरी आणली. काकूनं ती चुलीत घातली. म्हणाली, "असलं वाचून लोकांना बरं वाटतं. आपल्या आळीत काही सुळेवाली बाई नाही ना, झालं! अगं, ती हसरी होती. माझ्यापेक्षा चांगली होती दिसायला..."

पुढच्या उन्हाळ्यात पडावाला पुन्हा एक बाई लू लागून मेली. अंगावर दागिने नव्हते म्हणे. गरीब असेल, म्हणाले लोक. काकूनं त्या दिवशी सगळी दारं लावून घेतली आणि आम्हाला कुशीत घेऊन बसली. तेव्हापासून बाड्यावर, देवळात, हळदीकुंकवाला, कुठंही गेली तरी ती बायकांच्या तोंडाकडं नाही, बोटांकडं बघायची.

मला तिचा फार राग यायचा, खोटं कशाला बोलू? माझं लग्न झालं आणि ही पहिल्यांदा माझ्या घरी आली. पानं मांडलेली, सासूबाई वाढताहेत, आणि हिनं सगळ्यांच्या आधी घास घेऊन हात वर केला, "थांबा." सासूबाईंचा चेहरा असा काही झाला की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. मी तिला मागीलदारी नेऊन फाडफाड बोलले. "सगळं जग का विष घालायला बसलंय? जगू दे की आम्हाला!" ती काही बोलली नाही.

बोलली ती परवाच्या संक्रांतीला, आमच्या शेवटच्या भेटीत. खाटेवर होती. मी गुळाची पोळी केली होती, माझ्या हातानं तिच्या तोंडाशी नेली. तिनं मान फिरवली. मला वाटलं, आता माझाही संशय? पण ती म्हणाली, "आधी पोरांची पोळी आण इकडं. मी चाखते." मी म्हटलं, "काकू, पुरे आता. मरणाला इतकं काय भ्यायचं?" तर म्हणाली, "मरणाला कोण भितंय गं? उमाच्या पानातला घास माझा होता. तो मी खाल्ला नाही... तेव्हापासून प्रत्येक घास आधी मी खाते. असलंच काही, तर माझ्यात असू दे." इतकी वर्षं मी तिच्या ताटात जेवले आणि मला हे कळलं नाही. मी तिच्या उशाशी बसून ढसाढसा रडले.

काका आहेत, म्हणून काकू सवाष्ण गेली. हिरवं लुगडं नेसवून तिला ओसरीवर ठेवलं होतं. अहेव मरण म्हटल्यावर ओटी भरायला, कुंकू लावायला सारं लष्कर लोटलं. ओळखीच्या, बिनओळखीच्या, कोण कुणाला विचारतंय? मी पायाशी बसले होते. एक म्हातारी पुढं आली. बुटकी, डोक्यावरून पदर पुढं ओढलेला, चेहरा मला दिसला नाही. तिनं काकूच्या कपाळाला मळवट भरला. "भाग्याची हो बाई," म्हणाली, स्वच्छ पुणेरी सुरात. आणि बोटाला राहिलेलं कुंकू काकूच्याच पदराला पुसलं.

मी तिच्या पदराकडं हात टाकला. उठेपर्यंत मध्ये चार बायका आल्या, आणि ती दिसेनाशी झाली. मी जिला-तिला विचारलं. कुणी म्हणालं, अमक्यांची आत्या असेल, कुणी म्हणालं, अगं, असं पुष्कळजणी पुसतात. पुसत असतील. असावं ते तसंच. देवा, तसंच असावं.

त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारून पिठलंभात आला. स्मशानातून माणसं परतली, पोरं भुकेनं कळवळली. भावजय वाढायला लागली तेव्हा मी ओरडले, "थांब!" प्रत्येक डब्यातला घास मी घेतला. मग भिंतीला टेकून बसले, पोरांकडं बघत. कुणीही हसलं नाही. काका माझ्याकडं बघून हुंदके द्यायला लागले. एक पितळी डबा मात्र मी उघडला नाही. आपल्याकडं चमच्यावरसुद्धा नाव घातलेलं असतं. त्या डब्यावर नाव नव्हतं. परसात खड्डा करून त्यातलं अन्न मी पुरलं.

आता दिवस-वार होऊन गेले. शेजारणी येऊन आपापली भांडी घेऊन गेल्या. तो डबा घासून फळीवर ठेवलाय, काकूच्या पाटाच्या वरच. कुणी तरी यावं, आणि "अगं, आमचाच तो, नाव घालायचं राहिलंय," म्हणून हसत घेऊन जावं, यासाठी मी देव पाण्यात घालून बसलेय. म्हणून सध्या माहेरीच राहिलेय. पोरांना जेवायच्या आधी थांबवते, तीही आता निमूट थांबतात. आणि मधेच बाहेरून कुणी गोड आवाजात "आहात का हो घरात?" म्हणालं, की मी फळीकडं बघते, आणि दार उघडायला माझा हात उठत नाही.